घरातल्या चौघांच्या चार गाड्या

ताई, सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहते. वय ४१, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा विक्रोळीला, रोज ॲक्टिव्हाने जाते-येते. यजमान ऐरोलीला नोकरी करतात, त्यांना कंपनीची बस आहे. आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली होती. नव्या टॉवरमध्ये राहायला आलो तेव्हा मेकॅनिकल पार्किंगमध्ये एक जागा मिळाली. आता घरातली पहिली गाडी घ्यायची आहे आणि त्यावरून रोज वाद होतात. यजमानांना मोठी एसयूव्हीच हवी. गाव चिपळूणजवळ आहे, तिथे चुलत दिरांनी स्कॉर्पिओ घेतली तेव्हापासून हे सुरू झालं. सासऱ्यांनी आयुष्यभर पद्मिनी टॅक्सी चालवली. ते म्हणतात, लहान गाडी घ्या आणि सीएनजीच घ्या. मुलगी अकरावीत आहे. तिला इलेक्ट्रिक हवी, नाहीतर गाडीच नको. यजमान एकदा रागाच्या भरात बोलून गेले, ‘दारात टॅक्सी उभी असायची आणि आम्ही गणपतीला एसटीत उभ्याने जायचो.’ त्यानंतर सासरे दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. एरवी इतकी समंजस असणारी ही माणसं गाडीच्याच बाबतीत अशी हट्टी का होतात? रविवारी डोंबिवलीला आईकडे जायचं असतं आणि सासऱ्यांना गुडघ्यासाठी मुलुंडला डॉक्टरांकडे न्यायचं असतं, एवढीच खरं तर गरज आहे. मला स्वतःला गाडी चालवायला आवडतं, लायसन्सही काढलंय, पण ते जाऊ द्या. दसऱ्याच्या आत ठरवायचं आहे. कोणाचं ऐकू?

एक शिक्षिका, भांडुप

प्रिय बाई,

तुमच्या पत्रात तीन गाड्यांचं वर्णन आहे. यजमानांची गाडी कशी, सासऱ्यांची कशी, मुलीची कशी, हे आकारासकट आणि इंधनासकट तुम्ही लिहिलंत. चौथ्या माणसाची गाडी मात्र ‘पण ते जाऊ द्या’ एवढ्यातच संपली. आता जरा मोजून बघा. यजमान कंपनीच्या बसने जातात. सासऱ्यांचा गुडघा दुखतो. मुलीला अठरा पूर्ण व्हायचे आहेत. डोंबिवलीला आणि मुलुंडला गाडी कोण नेणार आहे? तुम्हीच. जी व्यक्ती चालवणार, तिचंच मत घरात कोणी विचारलेलं नाही, आणि तुम्हीही स्वतःला विचारलेलं नाही. ते मी जाऊ देणार नाही. पण त्याआधी तुमचा दुसरा प्रश्न घेते. त्याचं उत्तर हाती आलं की ‘कोणाचं ऐकू’ हे फारसं अवघड राहत नाही.

समंजस माणसं गाडीच्या बाबतीत हट्टी का होतात? माझं स्पष्ट मत असं आहे की गाडी घेताना माणूस कोणाला तरी उत्तर देत असतो. कधी भावकीला, कधी बापाला, कधी स्वतःच्या लहानपणाला. फ्रीज किंवा वॉशिंग मशीन घेताना हे होत नाही, कारण ती वस्तू घरात राहते आणि तिचं काम संपलं की तिच्याकडे कोणी बघत नाही. गाडी मात्र चारचौघांत उभी राहते आणि आपल्याबद्दल काहीतरी सांगत राहते. म्हणून ॲव्हरेज, किंमत, डिकी यांवर वाद चालतो तेव्हा खरा वाद भलत्याच गोष्टीवर असतो. ती गोष्ट कोणी उच्चारत नाही, म्हणून तो मिटतही नाही. तुमच्या घरात ती उच्चारली गेली आहे. यजमानांच्या रागातल्या त्या एका वाक्यात सगळं आलं.

त्या वाक्याबद्दल थोडं थांबून बोलते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा परवाना मुंबई परिसरापुरता असतो. ती उचलली आणि चिपळूणला नेली, असं करता येत नाही. शिवाय गणपतीचे दिवस म्हणजे धंद्याचे दिवस. म्हणजे टॅक्सी घरची होती, पण घरच्यांची नव्हती. तिच्या मागच्या सीटवर मुंबईभरची माणसं बसली आणि सासऱ्यांची मुलं लाल डब्यात दांड्याला धरून कशेडीचा घाट चढली. त्या मुलाला आज वाटतं की वाडीत आपण उतरावं ते आपल्या गाडीतून, वडिलांना पुढच्या सीटवर बसवून. यात दिखावा नाही, बाई. चाकरमान्याच्या मुलाची ही फार जुनी इच्छा आहे आणि ती मानाने घ्यायला हवी. चुलत दिरांची स्कॉर्पिओ हे फक्त निमित्त झालं.

पण नीट बघितलं तर या इच्छेत मोठी गाडी कुठेच नाही. तिच्यात स्वतःची गाडी आहे, पांढऱ्या पाटीची, घरच्यांसाठी घेतलेली. ‘मोठी’ हा शब्द नंतर शेजारून येऊन चिकटला. यजमानांशी हे एकांतात बोला, सासऱ्यांसमोर नको. त्यांना विचारा, वाडीत आपण चौघं आपल्या गाडीतून उतरलो, ती गाडी लहान असली, तर तुमचं मन भरेल का? माझा अंदाज आहे की ते लगेच उत्तर देणार नाहीत. त्यांना वेळ द्या.

किंमत आणि मान यांचा संबंध किती उलटासुलटा असतो, याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. स्कूटरवर पावसात भिजत जाणारं चौघांचं कुटुंब बघून रतन टाटांच्या मनात लहान गाडीची कल्पना आली, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. जानेवारी २००८ मध्ये नॅनो लोकांसमोर आली आणि २००९ मध्ये विक्रीला. एक लाखाची गाडी म्हणून जगभर नाव झालं. गाडी आतून प्रशस्त होती, शहरात वळायला सोपी होती. तरी ज्या स्कूटरवाल्या कुटुंबासाठी ती केली, त्यानेच ती घेतली नाही. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. सर्वांत स्वस्त गाडी अशी तिची ओळख झाली हे चुकलं, असं पुढे टाटांनीही बोलून दाखवलं. आयुष्यभराची बचत घालून जो माणूस पहिली गाडी घेतो, त्याला ‘देशातली सर्वांत स्वस्त गाडी याच्याकडे आहे’ हे ऐकायचं नसतं. तो थोडं थांबतो, थोडं जास्त कर्ज काढतो आणि मारुती घेतो. याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. लोकांना स्वतःच्या कष्टाची किंमत त्या गाडीत दिसायला हवी होती आणि ती दिसली नाही, एवढंच झालं.

आता सासऱ्यांकडे येते, कारण तुमच्या घरात गाडी सगळ्यांत जास्त कोणाला कळत असेल तर त्यांना. मुंबईत टॅक्सी म्हणजे पद्मिनी आणि कोलकात्यात ॲम्बॅसेडर, असं का झालं हे त्यांना विचारून बघा, ते तासभर बोलतील. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला होता. सुटे भाग इथे, ते बसवणारे हातही इथेच. गाडी अंगाने ॲम्बॅसेडरपेक्षा लहान, त्यामुळे गिरगावातल्या गल्लीत शिरायला आणि वळायला बरी. तिकडे ॲम्बॅसेडर उत्तरपाड्याला तयार व्हायची, कोलकात्याच्या शेजारी. टॅक्सीवाल्याने ती गाडी निवडली ती रूपावर भाळून नाही. बिघडली तर संध्याकाळपर्यंत पुन्हा रस्त्यावर येईल आणि दिवसाचा धंदा बुडणार नाही, ही त्याची कसोटी होती. सासरे आजही त्याच कसोटीने बघतात. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी २० वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून थांबली, तेव्हा या शहरातल्या अनेक घरांत कोणीतरी गप्प बसून राहिलं असणार.

त्यांचा सीएनजीचा आग्रह मात्र टॅक्सीच्या हिशेबाचा आहे, घरच्या गाडीच्या हिशेबाचा नाही. हे त्यांना आकड्यांनीच दाखवावं लागेल, कारण आकडा ते मानतील. त्याच गाडीचं सीएनजी मॉडेल पेट्रोलपेक्षा साधारण ९०-९५ हजारांनी महाग असतं. मुंबईत हल्ली पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे आणि सीएनजी किलोला ऐंशीच्या आसपास. शहरात पेट्रोलवर लिटरमागे १८ किलोमीटर आणि गॅसवर किलोमागे २५ धरले, तर किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतात. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला सुमारे ३८ हजार किलोमीटर पळायला हवं. टॅक्सी दिवसाला शंभर किलोमीटर पळते, तिचे पैसे वर्ष-सव्वा वर्षात सुटतात. तुमचं काय? दर रविवारी डोंबिवली, अधूनमधून मुलुंड, वर्षातून दोनदा चिपळूण. हे सगळं मिळून पाच हजार किलोमीटरच्या आसपास भरेल. तुमचे पैसे सुटायला सात-साडेसात वर्षं लागतील. तोपर्यंत डिकीत सिलिंडर, दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, आणि गणपतीच्या वेळी पनवेलच्या पुढे पंपावरची रांग, हे सगळं सोबत. त्यांचं तत्त्व बरोबर आहे, फक्त तुमचं रनिंग त्या तत्त्वाला पुरेसं नाही. हे असंच सांगा. ‘तुमचा काळ वेगळा होता’ असं चुकूनही म्हणू नका.

आणि एक. यजमानांचं ते वाक्य सासऱ्यांना लागलं, कारण त्यात अपुरेपणाचा ठपका होता. ज्या टॅक्सीने घर चालवलं, शाळेची फी भरली, तिच्याबद्दल मुलाने तक्रारीच्या सुरात बोलावं, हे बापाला जड जातं. गाडी कोणतीही ठरो, निवडताना शोरूममध्ये त्यांना न्या आणि चाचणीच्या वेळी इंजिनाचा आवाज त्यांना ऐकू द्या. त्यांचा शब्द तांत्रिक बाबतीत अखेरचा आहे असं यजमानांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं. हे तुम्ही म्हणून भागणार नाही.

मुलीचं म्हणणं घरात बहुधा हसण्यावारी गेलं असेल. तसं करू नका, तिचा मुद्दा सगळ्यांत ताजा आहे. ‘नाहीतर घेऊच नका’ हेही या शहरात पूर्ण शहाणपणाचं उत्तर आहे. लोकल, बेस्ट, रिक्षा आणि आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालेली मेट्रो ३ असताना मुंबईत गाडीवाचून कोणाचं काही अडत नाही. तुम्ही शाळेला ॲक्टिव्हाने जाता, ते तसंच चालू ठेवा. गाडी आली म्हणून एलबीएस मार्गाच्या कोंडीत ती रोज घालू नका. इलेक्ट्रिक गाडीच्या बाजूनेही बरंच आहे. जीएसटी फक्त ५ टक्के, किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या तुलनेत किरकोळ, आणि राज्याने २०२५ मध्ये अटल सेतू आणि पुणे एक्स्प्रेसवेवर अशा गाड्यांना टोल माफ केला. तुमचं सगळं अडतं ते पार्किंगपाशी. मेकॅनिकल पार्किंगमध्ये पॅलेट, म्हणजे गाडी उभी करायचा फलाट, वरखाली सरकत असतो, त्यावर उभ्या गाडीला चार्जर लावणं सोपं काम नाही. काही नव्या इमारतींनी त्याची सोय केली आहे, बहुतेकांनी नाही. सोसायटीला लेखी विचारा की स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, सामाईक चार्जिंगची जागा करता येईल का. तुमच्या भागात वीज महावितरणची आहे, जोडणीची चौकशी मुलीलाच करू द्या. मत मांडलं की त्यामागची धावपळही करायची, हे तिला या वयात कळलेलं बरं. उत्तर ‘हो’ आलं तर इलेक्ट्रिकचा विचार मनापासून करा. ‘नाही’ आलं, तर पुढची गाडी तिच्या मताची, असं तिला सांगा आणि पाळा.

पार्किंगचा विषय निघालाच आहे तर हे सगळ्यांत आधी करा, शोरूमला जायच्याही आधी. प्रत्येक मेकॅनिकल पार्किंगला लांबी, रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा असते. ती पाटीवर लिहिलेली असते किंवा सोसायटीच्या कागदपत्रांत सापडते. पुष्कळ इमारतींत काही थर ठेंगण्या गाड्यांचे असतात आणि उंच गाड्यांसाठी मोजकेच. तुम्हाला मिळालेली जागा कोणत्या थरात आहे हे घरात कोणी बघितलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. वीस लाखांची गाडी घेऊन ती रात्री रस्त्यावर उभी करण्याची वेळ आलेली कुटुंबं या शहरात आहेत, आणि तो मनस्ताप रोजचा असतो. मापाची टेप घेऊन खाली जा. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते, म्हणून वजनाचा आकडाही टिपून घ्या.

आता यजमानांच्या एसयूव्हीबद्दल. उंच गाडी आवडण्यामागे मान सोडूनही खरी कारणं आहेत आणि ती मी नाकारत नाही. मुंबईकराच्या मनात २६ जुलै २००५ अजून आहे. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. ज्याने ती रात्र बघितली, त्याला जमिनीपासून उंच बसावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. पण उंची माणसाला वाटते तेवढी वाचवत नाही. इंजिनात हवा जिथून जाते तिथपर्यंत पाणी पोहोचलं की उंच गाडीही बंद पडते. बंद पडल्यावर पुन्हा चावी फिरवली तर इंजिन कायमचं निकामी होऊ शकतं, आणि विम्यात इंजिन संरक्षणाची जोड नसेल तर ती भरपाई बहुधा मिळत नाही. पाणी दिसलं की मागे फिरायचं, हा नियम स्कॉर्पिओलाही लागू आहे. शिवाय बॉनेट जितकं उंच तितकी समोरची, अगदी जवळची जागा चालवणाऱ्याला कमी दिसते. तुमच्यासारख्या वस्तीत, जिथे गाडीच्या पुढ्यातून लहान मुलं धावतात, तिथे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

दुसरं खरं कारण बसायच्या उंचीचं. म्हाताऱ्या माणसाला खोल सीटमध्ये उतरणं आणि तिथून उठणं त्रासाचं जातं. सीट कमरेच्या उंचीची असली की तो नुसता बाजूला वळून बसतो. सासऱ्यांच्या गुडघ्यासाठी हे हवंच. मात्र त्यासाठी साडेचार मीटरची गाडी लागत नाही, आणि फार उंच एसयूव्हीत तर त्यांना पायरी चढून आत जावं लागेल. उंच छताच्या लहान गाड्या आणि चार मीटरच्या आतल्या एसयूव्ही हे काम अधिक चांगलं करतात.

रस्त्यावर इतक्या गाड्या मागून कापल्यासारख्या का दिसतात, याचंही उत्तर या चार मीटरमध्येच आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांवर उत्पादन शुल्क कमी केलं गेलं. मग कंपन्यांनी डिकी आखूड केली, बंपर आत घेतला, पण मोजपट्टीच्या आत राहिल्या. आजही तेच चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. तेव्हा लोक अमुक आकाराची गाडी ‘आवडली’ म्हणून घेतात असं आपण म्हणतो, पण त्यातली अर्धी आवड सरकारने आधीच ठरवलेली असते. यजमानांना ही तफावत कागदावर दाखवा. सोबत हप्त्याचाही हिशेब मांडा. १५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं तर महिन्याला सुमारे २४,१०० रुपये जातात आणि नुसतं व्याज सव्वापाच लाख होतं. ७ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १४,५०० आणि व्याज पावणेदोन लाखांच्या आत. मुलगी अकरावीत आहे. पुढच्या दोन वर्षांत तिच्या प्रवेशाचे पैसे उभे करायचे आहेत, हे त्यांना मी सांगायला नको.

आणि आता तुम्ही.

या देशात बाईने काय चालवावं हे फार काळ गाडी बनवणाऱ्यांनीच ठरवलं होतं. स्कूटर होती, पण तिला किक मारायची, डाव्या मुठीत क्लच दाबून गिअर फिरवायचा, आणि बाईने मागे साडी सावरत एका बाजूला बसायचं. मोटरसायकलला साडी गार्ड लावणं कायद्यानेच बंधनकारक केलं गेलं, इतकं तिचं मागे बसणं गृहीत होतं. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, बटणावर सुरू होणारी आणि गिअर नसलेली. २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली. मग शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका कोणाला न विचारता निघाल्या. तुम्ही त्याच रस्त्याने विक्रोळीला जाता. रोज एलबीएस मार्गावरून, मेट्रोच्या खांबांच्या कामातून, पावसाळ्यात खड्डे चुकवत स्कूटर नेणाऱ्या बाईला गाडी चालवता येईल का, असं कोणी विचारत असेल तर त्याला ती स्कूटर एक दिवस चालवून बघायला सांगा. रस्त्याचा अंदाज तुमच्याकडे घरातल्या कोणाहीपेक्षा ताजा आहे. अपवाद फक्त सासऱ्यांचा.

म्हणून माझं उत्तर असं: तुमचं ऐका. तुमच्या हाताला बसेल ती गाडी घ्या आणि बाकी तिघांच्या इच्छेतलं जे खरं आहे ते तिच्यात बसवा. माझ्या मते ती चार मीटरच्या आतली, उंच सीटची, पेट्रोलवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी आहे. ऑटोमॅटिकचा आग्रह मी मुद्दाम धरते. शिळफाट्याच्या कोंडीत क्लच दाबून दाबून डावा पाय भरून येतो, आणि त्या कोंडीत दर रविवारी तुम्ही असणार आहात. २०१४ मध्ये सेलेरियोपासून स्वस्त ऑटोमॅटिक, म्हणजे एएमटी, आपल्याकडे आली, त्यामुळे ही चैन राहिलेली नाही. एएमटी गिअर बदलताना किंचित अडखळते आणि चढावर थांबून निघताना मागे सरकू शकते. म्हणून चढावर धरून ठेवणारी सोय आहे का ते विचारा आणि चाचणी सपाट रस्त्यावर नको, एखाद्या पुलाच्या चढावर घ्या.

चाचणीला तुम्हीच चालवायला बसा, यजमानांनी मागे बसावं. सीट वर उचलून बघा, पॅडल पूर्ण दाबताना पाठ टेकलेली राहते का ते बघा, बॉनेटचा कोपरा दिसतो का ते बघा. मग गाडी रिव्हर्समध्ये लावून बघा, कारण पॅलेटवर ती तुम्हालाच चढवायची आहे. गाडी अपघातात किती सुरक्षित हे तपासणारी भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तिच्यात त्या मॉडेलला किती तारे मिळाले हे विक्रेत्याला विचारा. मागच्या सीटवरही पट्टा लावायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा. मुलगी कुरकुर करेल, करू द्या. बुकिंगची रक्कम भरण्याआधी पार्किंगची मापं आणि गाडीची मापं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा.

दसऱ्याची घाई मात्र करू नका. मुहूर्त चांगलाच आहे, पण त्या दिवशी ताबा हवा म्हणून शोरूमवाला जो रंग आणि जे मॉडेल हातात ठेवेल ते घ्यावं लागतं. दिवाळीतला पाडवाही साडेतीन मुहूर्तांतलाच आहे आणि तोवर चार माणसांचं बोलणं पूर्ण होईल.

शेवटची गोष्ट कागदाची आहे. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, तुमच्या नावावर करा, कर्ज दोघांचं असलं तरी. यजमानांना हे मानापमानाचं वाटलं तर कारण सरळ सांगा. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा नोंदणीकृत मालकालाच मिळतो, आणि तोही त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तर. तुमच्या घरात गाडी चालवणार तुम्ही आहात. विम्याचा कागद भरताना मालकाच्या रकान्यात तुमचं नाव आणि खाली वारस म्हणून यजमानांचं किंवा मुलीचं नाव आहे ना, हे ताबा घेण्याआधी स्वतः वाचून बघा.

तुमची,
ताई